चार पट्टे

जलील पेंटरनं बैठकीच्या भिंतीवर
पोळ्याच्या आधी चार पट्टे मारले
आणि म्हणाला, वाळू द्या काकू, मंग पाहा.
वाळले. पाहिले.
मला चारही पांढरेच दिसले,
म्हणजे तसे पांढरे नाहीत,
पांढऱ्याच्या शेजारी घर घेतलेले.

कार्डावर त्यांची नावं होती
लिनन, आयव्हरी, पर्ल,
आणि चौथं, जे माझ्या जिभेवर बसेना.
मी माझी ठेवली.
पहिला, संत्र्याची साल काढल्यावर फोडींना चिकटून राहतो तो.
दुसरा, उन्ह चढायच्या आत वेचलेलं मोहफूल.
तिसरा, जवारीची भाकर, तव्यावर पडलेली,
पाणी फिरवायचं राहिलेली.
चौथ्याला काही सुचलं नाही.

हे म्हणाले, नावं काय ठेवतं, नंबर सांग.

एकतीस वर्षं नंबरच दिले त्यांनी.
राळेगावला खरेदी केंद्रावर ग्रेडर.
बंडीत कोपरापर्यंत हात घालायचे,
तळाचा कापूस वर आणायचे,
उन्हात धरायचे, बोटांनी फाडायचे,
एक शब्द बोलायचे.
बाजूला बैल शेपट्या हलवत उभे.
त्या शब्दानंतर कोणी बोलत नसे.

असा माणूस चार पट्ट्यांपुढं
खुर्ची टाकून बसला.
हातानं एक डोळा झाकला, मग दुसरा.
उजव्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं, सेवाग्रामला.
डाव्याचं दिवाळीनंतर करू म्हणाले आहेत.
"उजव्यानं पाह्यलं तं समदे निळे मारते," म्हणाले,
"अन् डाव्यानं पाह्यलं तं चारही कवडी."

कवडी म्हणजे किडलेला, पिवळा पडलेला कापूस,
हाताला दगडासारखा लागणारा.
हा शब्द ते केंद्रावरच ठेवून यायचे,
चपला बाहेर काढाव्या तसा.

पोळा झाला. गणपती आले, गेले.
पाहुणे विचारत, भिंतीले काय झालं?
जलील दोनदा येऊन चहा पिऊन गेला.

एका रात्री, लाइट गेलेली,
खाटेवरून आवाज आला,
"डॉक्टर म्हणे, हा मोतीबिंदू सात-आठ वर्षांचा असन."
रिटायर होऊन पाच वर्षं झाली.
मी मनात वजाबाकी केली.
त्यांची माझ्या आधीच झाली होती.

"वाढोण्याचा सोनबा कुमरे," म्हणाले.
"त्यानं डोक्याचा दुपट्टा सोडला,
कापसाजवळ धरला.
म्हणे, सायेब, याच्याहून तं पांढरा हाय ना, पाहा.
मी पाह्यलं.
म्हटलं, कवडी. पुढची बंडी घ्या."
मग बराच वेळ काही नाही.
"पाह्यलं होतं मी. खरंच पाह्यलं होतं."
मी म्हटलं, पाणी देऊ का?
नको म्हणाले.

सकाळी लुना काढली, शेड कार्ड पिशवीत टाकलं.
कुठं चालले ते मी विचारलं नाही,
ऊन उतरल्यावर आले तेव्हाही नाही.
पिशवीत चार काकड्या होत्या,
वेलाची माती लागलेल्या.
कार्ड माझ्यापुढं ठेवलं.
तिसऱ्या चौकोनावर एक अंगठा उमटला होता,
रुंद, काळ्या मातीचा.
"हा," म्हणाले.
काकडी कापताना मला वाटलं,
ते थोडं हसले. की उजव्या डोळ्यात पाणी येतं अजून,
ते असेल.

जलीलनं दोन दिवसांत खोली उरकली.
शेजारची बेबीताई दारातूनच म्हणाली,
अगं, रंग देणार होते ना तुम्ही?
मी म्हटलं, दिला.

हे म्हणतात, दुसरा डोळा झाल्यावर
भिंत एकदा नीट पाहीन.
पाहा म्हटलं. फक्त नंबर देऊ नका तिला.

कार्ड जलीलला परत दिलं नाही.
मागितलं त्यानं, तेव्हा सापडत नाही म्हणाले.
रेशनकार्डाच्या पिशवीत आहे,
डागाची बाजू आत करून.